मुलांना आफ्रिकान्स शिकवताना या चुका टाळा

जोहान्सबर्गला आलो, त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. वर्गात बाईंनी विचारलं, हातात किती सफरचंदं आहेत? माझ्या मुलाने एक बोट वर करून ठणकावून सांगितलं, "एक!" बाई गोंधळल्या, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स या भाषेत 'एक' म्हणजे 'मी'. आकडा सांगायचा तर 'इअन' म्हणायचं.

इथल्या पुष्कळ इंग्रजी माध्यमाच्या शाळांत आफ्रिकान्स ही पहिलीपासूनच अतिरिक्त भाषा असते. पहिली-दुसरीला आठवड्याचे जेमतेम दोन-तीन तास मिळतात, म्हणून बाकीचं आपण घरी शिकवायला जातो आणि घोळ तिथे सुरू होतो. माझे झालेत, ओळखीच्या मराठी घरांतही तेच पाहते. आपण ही भाषा इंग्रजीच्या आधाराने शिकवतो आणि घरातली मराठी बाजूला ठेवतो.

आधी स्पेलिंग, मग उच्चार

शब्दांची यादी फ्रिजवर लावणे ही सगळ्यात मोठी चूक. मूल ते शब्द इंग्रजीसारखे वाचतं आणि तोच उच्चार जिभेवर बसतो. आफ्रिकान्समध्ये 'जी'चा उच्चार घसा खरवडून काढलेला ख होतो: हिरवा 'ख्रुन', पिवळा 'खिअल'. 'व्ही'चा फ होतो, पण 'फोन'मधला, 'फळ'मधला नव्हे. 'डब्ल्यू'चा बहुतेक ठिकाणी व, 'जे'चा य. झाडाला मुलं हमखास 'बूम' म्हणतात, खरा उच्चार 'बुअम'.

पहिले काही आठवडे कागद काढूच नका. शब्द ऐकवा, वस्तू हातात द्या. उच्चार लक्षात ठेवायला स्वतःपुरतं देवनागरीत लिहून ठेवा, त्याचा भलताच फायदा होतो. ऱ्हस्व 'आय' हा जवळजवळ आपला अ आहे. मासा 'फस', पांढरा 'वत', खाली बस म्हणजे 'सत'. इंग्रजी बोलणारी मुलं इथे 'फिश'च्या वळणाने जातात, आपल्या मुलांना मात्र हा अ जन्मापासून येतो. र आपल्यासारखाच खणखणीत, आणि प, त, क म्हणताना इंग्रजीसारखी हवा सुटत नाही.

देवनागरीही सगळीकडे पुरत नाही. घराला मी 'हेइस' लिहिते, पण तो ओठांचा चंबू करून म्हणायचा असतो. असे शब्द कुणा आफ्रिकान्स बोलणाऱ्याकडूनच ऐकवा.

आणखी एक: कुत्रा 'हॉन्त', पण अनेक कुत्रे 'हॉन्दे'. शेवटचा द एकवचनात त होतो. म्हणून एकवचन-अनेकवचन जोडीने शिकवा, आणि जमलं तर लाडाचं रूपही. 'हॉन्त'चं 'हॉइन्की', मांजर 'कात', तिचं पिल्लू 'काइकी'. ही रूपं इथे मोठी माणसंही सारखी वापरतात, आणि मुलांना ती मूळ शब्दाआधी पाठ होतात. होऊ द्या.

पंचवीसचे बावन्न

'फेइफ-एन-त्वन्तख' ऐकून मूल 52 लिहीत असेल तर त्याला रागावू नका. शब्दशः अर्थ 'पाच आणि वीस', म्हणजे 25. इंग्रजीत मोजायची सवय असलेलं मूल ऐकलेला पहिला आकडा आधी लिहितं. आपल्याकडे उत्तर तयार आहे: पंचवीस. एकवीस, बावीस, तेवीस, सगळीकडे एककं आधी. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! आफ्रिकान्स मात्र जुन्या पद्धतीच्या बाजूने आहे. फक्त 29 ला सांभाळा. आपण एकोणतीस म्हणून तिसाकडे जातो, ती भाषा 'नऊ आणि वीस'वरच थांबते.

ओळखीचे वाटणारे शब्द

'हू' म्हणजे कोण नव्हे, कसं. कोण म्हणजे 'वी'. प्रश्न विचारणारे शब्द म्हणूनच यादीने घेऊ नका, एका दिवशी एकच घ्या. 'स्लम' हा माझा लाडका शब्द. स्पेलिंग पाहिलं तर इंग्रजी 'स्लिम', म्हणजे बारीक; कानाला इंग्रजी 'स्लम', म्हणजे झोपडपट्टी; अर्थ हुशार. आजीला फोनवर "बाईंनी मला स्लम म्हटलं" सांगण्याआधी तिला कल्पना द्या. 'बाया दांकी'चंही तसंच, म्हणजे खूप आभार. हा 'बाया' मलायमधून आला, तसंच केळ्याचं 'पिसांग'ही.

मोठ्यांना 'येइ' म्हणणं

'येइ' म्हणजे तू. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द चालतो म्हणून मुलं बाईंनाही तेच म्हणतात आणि ते कानाला खटकतं. इथे मोठ्या पुरुषाला 'उअम' आणि बाईला 'तानी' म्हणतात, आपल्या काका-मावशीसारखं, नातं असो वा नसो. समोरच्याशी बोलतानाही सर्वनाम टाळून तोच शब्द पुन्हा वापरतात. "काकांना चहा चालेल ना?" असं आपण काकांनाच विचारतो, अगदी तसं. मराठी मुलाला हे एकदा सांगितलं की पुरतं.

मूल बोलतच नाही

पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव" हा हट्ट आधी सोडा. 'कॉम हीर' (इकडे ये), 'स्तान ऑप' (ऊठ), 'स्प्रंग' (उडी मार) असे हुकूम सोडा. मुलाने उडी मारली की त्याला कळलंय. चुकलं तर "असं नाही" न म्हणता तोच शब्द तुम्ही नीट उच्चारा आणि पुढे चला.

आमच्याकडे तीन महिने नुसत्या उड्याच चालल्या होत्या. मग एकदा भाजीच्या दुकानात पोराने केळ्यांकडे बोट दाखवलं आणि आपणहून म्हणाला, "पिसांग, असबलीफ." 'असबलीफ' म्हणजे कृपया. मी घाईत होते. "येस, बनाना," म्हणून त्याला पुढे ओढलं. तेवढं मात्र तुम्ही करू नका.