दक्षिण मुंबईचे जुने निकाल वाचताना या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघाचे तक्ते फिरू लागतात. वर्ष, खासदार, पक्ष, मताधिक्य. तक्ता बहुतेक वेळा बरोबर असतो. चुकतो तो त्याखाली लिहिलेला निष्कर्ष, आणि गंमत म्हणजे तो ठरावीक जागीच चुकतो.

२००४ नंतर रेघ न ओढणे

ही सगळ्यांत मोठी चूक. बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटी जन्मतात.

२००४ पर्यंतच्या दक्षिण मुंबईत कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस आणि मलबार हिल या सहा विधानसभा जागा होत्या. फोर्ट, काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव, वाळकेश्वर असा हा टापू. पुढे २००१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची पुनर्रचना २००८ मध्ये लागू झाली. वस्ती तोवर उपनगरांकडे सरकली होती. त्यामुळे मुंबई शहर जिल्ह्याच्या विधानसभा जागा १७ वरून १० वर आल्या आणि उपनगर जिल्ह्याच्या १७ वरून २६ झाल्या. लोकसभेच्या जागा मात्र सहाच राहिल्या. मग दक्षिण मुंबईला सहा जागा पुरवायला वर सरकण्यावाचून गत्यंतर नव्हते. वरळी, शिवडी आणि भायखळा तिच्यात आले. आधी हा पट्टा दक्षिण मध्य मुंबईत होता. ते 'दक्षिण मध्य' आता चेंबूर आणि अणुशक्तीनगरपर्यंत पोहोचले आहे, म्हणजे नावापुरतेच दक्षिण.

याचा अर्थ असा, की लालबाग-परळच्या मतदाराचा इतिहास दक्षिण मुंबईच्या जुन्या रकान्यात सापडतच नाही. तो शेजारच्या रकान्यात आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर दोनच वर्षांनी, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसला अनुकूल सहानुभूतीच्या लाटेतही, तिथून डॉ. दत्ता सामंत अपक्ष निवडून आले. १९८९ मध्ये शिवसेनेचे वामनराव महाडिक आले. १९९१ पासून २००४ पर्यंत सलग पाच वेळा सेनेचेच मोहन रावले. हे डोळ्यांआड केले की '२०१४ मध्ये शिवसेनेने काँग्रेसचा गड फोडला' असे वाक्य सहज लिहिले जाते. मतदारसंघाचा उत्तरेकडचा भाग १९८९ पासून २००४ पर्यंत सेनेचेच खासदार निवडून देत होता. फुटला असेल तो दुसरा अर्धा.

उपाय सोपा आहे. २००४ च्या ओळीखाली रेघ ओढा आणि तिच्या वर दक्षिण व दक्षिण मध्य असे दोन रकाने शेजारी ठेवा. रेघेच्या अलीकडचे-पलीकडचे मताधिक्य एकमेकांशी ताडून पाहू नका. काँग्रेसचे मिलिंद देवरा २००४ मध्ये जेमतेम दहा हजारांनी जिंकले आणि २००९ मध्ये १ लाख १२ हजारांनी. यावरून लोकप्रियता दसपट झाल्याचे लेख तेव्हा वाचलेले आठवतात! जमीन बदलली होती, समोरचे उमेदवार बदलले होते, आणि लढत तिरंगी झाली होती.

२००९ च्या मतांची बेरीज

त्या तिरंगी लढतीत देवरांना सुमारे २ लाख ७२ हजार मते मिळाली. मनसेचे बाळा नांदगावकर १ लाख ५९ हजारांवर दुसरे, तर शिवसेनेचे रावले १ लाख ४६ हजारांवर तिसरे. दोघांची बेरीज तीन लाखांच्या वर जाते, म्हणून 'मनसे नसती तर रावले जिंकले असते' हे जवळजवळ गृहीतच धरले जाते. बेरीज बरोबर आहे, गृहीतक नाही. नवा पक्ष उभा राहिला म्हणून घराबाहेर पडलेला मतदार तो पक्ष नसता तर घरीच बसला असता किंवा तिसरीकडे गेला असता, ही शक्यता बेरजेत कुठेच येत नाही. फूट पडली हे खरे. तिने निकाल फिरवला, हे सिद्ध करायला एवढे आकडे पुरत नाहीत.

'गड' आणि 'लाट'

१९८४ ते २००९ या आठ निवडणुकांपैकी सहा मुरली आणि मिलिंद या देवरा पिता-पुत्रांनी जिंकल्या, त्यामुळे गड हा शब्द चिकटला. पण १९८०, १९९६ आणि १९९९ मध्ये मुरली देवरा इथेच हरले होते, आणि नंतरच्या दोन्ही वेळा जिंकल्या त्या भाजपच्या जयवंतीबेन मेहता. त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, तत्कालीन रेल्वेमंत्री आणि मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा स. का. पाटील यांना जॉर्ज फर्नांडिस यांनी इथेच पाडले. पाटील त्यापूर्वी तीन निवडणुका जिंकलेले होते. गड म्हणायचाच तर वारंवार सर होणारा म्हणा.

याच्या उलट टोकाची समजूत अशी, की इथला मतदार देशाच्या लाटेबरोबर वाहतो. १९७७ आणि १९८४ पाहिले तर ते पटते. पण १९८० मध्ये इंदिरा गांधी परतल्या तेव्हा दक्षिण मुंबईने जनता पक्षाचे रतनसिंह राजदा यांना पुन्हा निवडून दिले. १९८९ मध्ये काँग्रेसची सत्ता गेली, इथे मुरली देवरा टिकले. १९९८ मध्ये दिल्लीत वाजपेयी आले, इथून देवराच निवडून गेले. तीन वाक्यांत तीन अपवाद सांगता येत असतील तर नियम मांडायच्या फंदात पडू नये.

पक्षाचे नाव वाचून थांबणे

राजदा यांच्यापुढे १९७७ च्या अधिकृत अहवालात भारतीय लोकदल दिसेल, कारण जनता पक्षाने ती निवडणूक लोकदलाच्या चिन्हावर लढवली. १९८० चे राजदा भाजपचे नव्हते. ती निवडणूक जानेवारीतली, भाजपची स्थापना एप्रिलमधली.

ताजा घोळ २०२४ चा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. त्यामुळे अरविंद सावंत २०१४ आणि २०१९ मध्ये धनुष्यबाणावर, भाजपच्या साथीने जिंकले, आणि २०२४ मध्ये ठाकरे गटाची मशाल घेऊन, भाजपच्या विरोधात, धनुष्यबाणावरच्या यामिनी जाधव यांना ५२,६७३ मतांनी हरवून जिंकले. नुसता पक्षाचा रकाना वाचणाऱ्याला वाटेल की शिवसेनेने जागा गमावली. माणूस तोच आहे! त्यात मिलिंद देवरा जानेवारी २०२४ मध्ये शिंदेंच्या शिवसेनेत गेले. तक्त्यात टीपेचा रकाना ठेवाच.

टक्क्यावरून शेरेबाजी

२००९ मध्ये मतदान सुमारे ४० टक्के झाले, २०१४ मध्ये ५२ टक्क्यांवर गेले. २००९ चे मतदान ३० एप्रिलला, गुरुवारी होते. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, मग शनिवार-रविवार. जोडून सुट्ट्या आल्यावर काय होते हे वेगळे सांगायला नको. पण सगळा दोष सुट्टीच्याही माथी मारू नका. २०१४ पर्यंत मतदारयादीतली नावे साधारण लाखभराने कमी झाली होती, म्हणजे छेद लहान झाला. चाळी सोडून डोंबिवली-विरारला गेलेल्या कुटुंबांची नावे जुन्या पत्त्यावर राहिली की टक्का आपोआप घसरतो, आणि टीका होते मलबार हिलच्या आळसावर. टक्क्याशेजारी एकूण मतांचा आकडा ठेवला की निम्मा गोंधळ मिटतो.

सहा जागांची सरासरी काढणे

२०२४ मध्ये भायखळ्यातून सावंतांना ४६ हजारांची आघाडी मिळाली, मुंबादेवीतून ४० हजारांची. मलबार हिलमध्ये ते ४८ हजारांनी मागे होते, कुलाब्यात साडेनऊ हजारांहून अधिक मतांनी. शिवडीने जवळपास १७ हजार दिले आणि आदित्य ठाकरेंच्या वरळीने सात हजारांच्या आत. भायखळा हा यामिनी जाधव यांचा आमदारकीचा मतदारसंघ होता, हेही ध्यानात ठेवा. 'दक्षिण मुंबईचा कौल' म्हणून जो एक आकडा सांगतात, तो या सहांपैकी एकाही जागेचे वर्णन करत नाही. विधानसभानिहाय आकडे आयोगाच्या फॉर्म २० मध्ये मतदान केंद्रापर्यंत मिळतात. टपाली मते तिथे वेगळी असतात, त्यामुळे सहा जागांची बेरीज अंतिम आकड्याशी थोडी जुळली नाही तर घाबरू नका.

जुनी दिशादर्शक नावे

गिरणगावाचा मागोवा घेत १९५२ पर्यंत गेलात तर 'मुंबई शहर उत्तर' हे नाव भेटेल. डॉ. आंबेडकर तिथेच नारायण काजरोळकर यांच्याकडून हरले. हा आजचा बोरिवली-कांदिवलीचा उत्तर मुंबई मतदारसंघ नव्हे. तेव्हाच्या शहराचा तो वरचा भाग होता आणि उपनगरांची जागा वेगळी होती. शिवाय तो द्विसदस्यीय होता: एक सर्वसाधारण जागा, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. त्यामुळे तिथले उमेदवारांचे टक्के लहान दिसतात. ते आजच्या टक्क्यांच्या रांगेत बसवू नका.