स्पर्शाची उणीव डोळ्यांनी भरून काढताना

नाशिकमध्ये जनरल सर्जरीच्या पहिल्या वर्षाला लागलेली मुले-मुली काही विचारायला माझ्याकडे आली, की पाच-दहा मिनिटांतच एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, रोबोटिक सर्जरीचे ट्रेनिंग कधी घेऊ?" प्रश्न चुकीचा नाही, कारण पुढची तीस वर्षे त्यांना याच क्षेत्रात काढायची आहेत. पण आधी कॅमेरा धरायला शिका, हे माझे उत्तर ऐकून काहींचा चेहरा उतरतो. म्हणून त्या उत्तरामागचा अनुभव येथे सविस्तर लिहीत आहे.

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत बोटांना पुष्कळ काही कळते. खडा लागतो, सुजेचा कडकपणा लागतो, धमनीची धडधड जाणवते. पोटाला लहान छिद्रे पाडून, कॅमेरा लावलेल्या दुर्बिणीतून पडद्यावर पाहत काम करताना हेच सारे लांब हत्यारातून अगदी अंधूक पोहोचते आणि बहुतेक रोबोटिक यंत्रांवर तर जवळजवळ पोहोचतच नाही. ही उणीव डोळ्यांनी भरून काढावी लागते आणि डोळ्यांचे हे शिक्षण कॅमेरा धरून उभे राहण्यातच सुरू होते.

माझ्या रेसिडेन्सीतले, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकण्याच्या काळातले, पहिले कित्येक महिने त्यातच गेले. पांढऱ्या गॉजवर रंग जुळवून घ्यायचा, काचेवर वाफ धरू नये म्हणून दुर्बिणीचे टोक कोमट सलाइनमध्ये बुडवायचे, प्रत्येक हत्यार पोटात शिरताना त्याच्या टोकावर नजर ठेवायची, ही कामे वरवर किरकोळ वाटतात. तीस अंशांच्या दुर्बिणीत कॅमेऱ्याचे डोके सरळ ठेवून फक्त प्रकाशाची केबल फिरवली, की त्याच अवयवाची दुसरी बाजू दिसते, हे मला पुस्तकातून कधीच उमगले नव्हते. ते एका हर्नियाच्या केसमध्ये सरांनी माझे मनगट धरून फिरवले तेव्हा उमगले. पडद्यावरचे चित्र जरा जरी तिरके झाले, तरी शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात चुकीच्या दिशेला जाऊ लागतो. त्यामुळे कॅमेरा धरणारा माणूस त्या वेळी सर्जनचा डोळाच असतो.

आत पाहायला आणि काम करायला जागा व्हावी म्हणून पोटात वायू भरतात, त्याबद्दल थोडक्यात सांगते. आपण कार्बन डायऑक्साइड वापरतो, कारण तो पेट घेत नाही, रक्तात सहज विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. दाब साधारणपणे १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका ठेवतात. वायूने पडदा, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायू, ताणला जातो आणि त्याची वेदना खांद्यात उमटते. "डॉक्टर, ऑपरेशन पोटाचं झालं, मग खांदा कशानं दुखतोय?" असे दिंडोरीच्या एका आजींनी मला विचारले होते. तेव्हापासून मी हे प्रत्येक रुग्णाला आदल्या दिवशीच सांगते.

हाताचा सराव घरीच सुरू करता येतो. प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्याला झाकणावर दोन भोके, आत एक छोटा दिवा, वर टेकवलेला मोबाइल आणि जुनी, बाद झालेली हत्यारे, एवढ्यावर मी सुरुवात केली. पोटाच्या भिंतीतले छिद्र टेकूसारखे काम करते, त्यामुळे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. या उलट्या हालचालीची सवय लागायला आठवडे लागतात. हंगामात आपल्याकडे द्राक्षांना तोटा नसतो. एक मणी डाव्या हातातल्या हत्याराने धरायचा आणि उजव्याने त्याची साल सोलायची. जोर जास्त झाला तर रस सुटतो, कमी झाला तर मणी निसटतो. पण साल फाटण्याच्या क्षणभर आधी मण्याच्या कातडीवर ताणाची एक बारीक चमक येते. ती दिसू लागली, की हात आपोआप थांबतो. डाव्या हाताकडे विशेष लक्ष द्या, कारण ऊतक योग्य ताणावर धरून ठेवण्याचे निम्मे काम तोच करतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. भारतात पित्ताशयाची दुर्बिणीतून पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्तन उडवाडिया यांनी केली. आज ती तालुक्याच्या गावीही होते आणि म्हणूनच ती सोपी आहे असा गैरसमज पसरला आहे. यकृतातले पित्त आतड्यात नेणाऱ्या मुख्य पित्तनलिकेलाच पित्ताशयाची नळी समजून कापणे, हा यातला भयंकर अपघात आहे. तो टाळण्यासाठी स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तीन अटी मांडल्या : पित्ताशयाची नळी, यकृताची नळी आणि यकृत यांमधल्या त्रिकोणातली चरबी व तंतू पूर्ण साफ झालेले असावेत, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटलेला असावा आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच रचना, म्हणजे नळी आणि धमनी, दिसाव्यात.

निफाडकडच्या एका शेतकरी काकांची केस माझ्या मनातून जात नाही. बरेच दिवस दुखणे अंगावर काढून ते आले होते आणि आत सगळे चिकटून दगडासारखे झाले होते. मला नळी दिसली असे वाटले, ती बंद करायला मी क्लिप मागितली. सरांनी शांतपणे विचारले, "मागे यकृत दिसते का?" ते दिसत नव्हते, म्हणजे त्या तीन अटी पूर्ण झालेल्याच नव्हत्या. त्यांनी पोट उघडण्याचा निर्णय घेतला आणि मी नळी समजून जिला क्लिप लावणार होते, ती मुख्य पित्तनलिका होती. बाहेर काकांच्या मुलाने विचारले, "म्हणजे ऑपरेशन बिघडलं का?" नाही, असे मी सांगितले; पण पोट उघडावे लागण्याची शक्यता संमतीच्या वेळीच मी नीट समजावली असती तर त्याला तो प्रश्न पडलाच नसता. उघडी शस्त्रक्रिया नीट येत नसेल तर असा निर्णय घेण्याचे धाडसच होत नाही, म्हणून ती मनापासून शिका.

एमएस किंवा डीएनबी या सर्जरीच्या पदव्युत्तर पदवीनंतर फेलोशिप किंवा एमसीएच ही पुढची विशेष पदवी, यांपैकी वाट निवडताना तेथे केस प्रत्यक्ष हातात मिळतात का, हे आधीच्या विद्यार्थ्यांकडून विचारून घ्या.

रोबोटबद्दल माझे मत स्पष्ट आहे. दा विंची यंत्राला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली आणि आता एसएसआय मंत्रा हे भारतीय बनावटीचे यंत्रही वापरात आहे. खोली दाखवणारे चित्र, मनगटासारखी वळणारी टोके आणि हाताचा कंप गाळण्याची सोय यांमुळे ओटीपोटाच्या अरुंद जागेत, विशेषतः गुदाशयाच्या कर्करोगात, त्याचा मोठा उपयोग होतो. साध्या पित्ताशयासाठी मात्र कुटुंबावर तो खर्च टाकणे मला पटत नाही.

कन्सोलवर, म्हणजे सर्जन जेथे बसून यंत्राचे हात चालवतो तेथे, सरावासाठी मी पहिल्यांदा बसले, तेव्हा गाठ मारताना धागा तीनदा तुटला, कारण ओढ किती लागते आहे हे बोटांना कळतच नव्हते. चौथ्या वेळी मी धाग्याऐवजी टाक्याच्या कडेकडे पाहत राहिले आणि ती किंचित पांढरी पडताच थांबले. तेथे जाण्याआधी काही महिने मी रुग्णाशेजारी उभी राहून हत्यारे बदलणे, रक्त ओढून घेणे, क्लिप लावणे आणि गरज पडल्यास यंत्राचे हात झटपट सोडवून टेबल मोकळे करणे ही कामे केली होती. शेवटच्या कामाची तालीम आमची टीम आजही सिस्टर आणि भूलतज्ज्ञांसह घड्याळ लावून करते आणि नव्याने आलेल्या रेसिडेंटला पहिल्याच आठवड्यात त्यात उभे करते.