पाड्यावरच्या तरुणांनी रानाशी पुन्हा ओळख कशी करावी

मुंबईतल्या आरे वसाहतीतील पाड्यांवर वारली, कोकणा, मल्हार कोळी अशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मात्र तिथला विशीतला मुलगा सकाळी मॉलमधल्या नोकरीवर जातो, अंधार पडल्यावर परततो आणि दाराशी असलेले रान त्याला रविवारीसुद्धा दिसत नाही. कॉलेजात बोलीवरून कोणी हसले, तर ती बोलीही तो घरी ठेवून जातो. हा ताण हलका करायचा असेल, तर सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसापासून करावी. बाहेरच्यांच्या निसर्गसहलीला जाण्याची घाई नको.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आजीला विचारून तिच्याबरोबर शेवळं ही रानभाजी शोधायला जावे. पालापाचोळ्यातून वर आलेला तपकिरी-जांभळा कोंब ती आधी दाखवील, तुम्ही फक्त पाहावे; सारखा दिसणारा प्रत्येक कोंब खाण्याचा नसतो. घरी आल्यावर वरचे आवरण आणि आतला पिवळा भाग काढून टाकावा आणि भाजीत काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालावी, नाहीतर घसा खाजतो. हे एकदा स्वतःच्या हाताने केले की लक्षात राहते. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून मात्र काहीही तोडून आणू नये, तिथे कायद्याने मनाई आहे.

भाजी निवडता निवडता आजी जे बोलते, ते मोबाइलवर तिच्या परवानगीने, तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करावे. शब्द सुधारून प्रमाण मराठीत लिहिण्याचा मोह टाळावा. वाघोबा या वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाच्या देवळीत पूजा कधी आणि का करतात, हेही तिलाच विचारावे. बिबट्यांबरोबर राहण्याची शिस्त या श्रद्धेत मुरलेली आहे, तरी संध्याकाळनंतर एकट्याने जाऊ नये आणि हातात बॅटरी असावी.

रानात फिरून मन मोकळे होते, पण झोप उडणे किंवा जगणे नकोसे वाटणे यांवर तेवढे पुरत नाही. अशा वेळी १४४१६ या ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे.

वर्षभरात एकच झाड धरून पाहिले तरी चालेल. कारवी निवडली, तर मात्र धीर हवा: ती आठ वर्षांनी फुलते, २०२४ मध्ये फुलली, त्यामुळे पुढचा बहर २०३२ च्या सुमारास येईल.