चुंबकत्व शिकायला घेताय? आधी पुळणीवर जा

बीएस्सीला चुंबकत्वाचं प्रकरण आलं की पोरं पहिल्यांदा सूत्रं पाठ करतात. त्याने मार्क मिळतात, नाही असं नाही. पण पुढे मोटारींचं, सेन्सरचं किंवा भूभौतिकीचं काम करायचं असेल तर सुरुवात पदार्थापासून करा. तारेतून करंट गेला की क्षेत्र किती येणार हे सूत्र सांगतं. त्या क्षेत्रात ठेवलेली वस्तू काय करणार, हे पदार्थ ठरवतो. आणि सगळ्या भानगडी तिथेच असतात.

रत्नागिरीजवळ काळबादेवी, मालगुंड या पट्ट्यात वाळूत काळे पट्टे दिसतात. काळ्या कातळाची झीज होऊन नद्यांनी आणलेली ही जड खनिजं, मुख्यतः इल्मेनाइट आणि सोबत थोडं मॅग्नेटाइट. मूठभर वाळू घरी आणून उन्हात खडखडीत वाळवा, कागदावर पातळ पसरा. जुन्या स्पीकरमधला फेराइट चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरून फिरवा (पिशवी विसरलात तर कण काढत बसाल). काही कण टुणकन उडी मारून पिशवीवर काट्यासारखे उभे राहतात. ते मॅग्नेटाइट. आता निओडिमियमचा, म्हणजे फेराइटहून कितीतरी ताकदवान चुंबक अगदी जवळ न्या. मघाशी ढिम्म बसलेले काळे कण आता सरकायला लागतात. ते बहुतेक इल्मेनाइट. रंग एकच, लोखंड दोघांत, तरी वागणं वेगळं. ‘लोखंड आहे म्हणून चिकटतं’ ही शाळेतली समजूत इथेच मोडते. मॅग्नेटाइटमधल्या अणूंची चुंबकत्वं एकमेकांना बांधून ठेवतात आणि त्यातून मोठी बेरीज उरते. इल्मेनाइटमध्ये नेहमीच्या तापमानाला तसं बंधन नसतं, म्हणून ते नुसतं पॅरामॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाकडे अगदी क्षीण ओढलं जाणारं.

स्वयंपाकघरातही हेच करून पाहा. स्टीलच्या चांगल्या डब्याच्या बुडाला चुंबक चिकटत नाही, पण वळवलेल्या काठाला किंचित ओढ जाणवते. पत्रा वाकवताना-ओढताना पोलादाची स्फटिकरचना थोडी बदलते, त्याचा हा परिणाम.

यानंतर डोमेन, म्हणजे चुंबकीय पदार्थातले एकाच दिशेचे छोटे छोटे भाग, समजायला सोपे जातात. भाताचे कुणगे डोळ्यांसमोर आणा: एका कुणग्यात सगळ्या अणूंची चुंबकीय दिशा एक, बांध ओलांडला की दुसरी. बाहेरून क्षेत्र लावलं की बांध सरकतात आणि त्या दिशेचा कुणगा मोठा होतो. बांध सहज सरकले तर पदार्थ सॉफ्ट, अडून बसले तर हार्ड. ट्रान्सफॉर्मरला सॉफ्ट लागतो, स्पीकरला हार्ड. हिस्टेरेसिसचा लूप (क्षेत्र वाढवत-घटवत नेलं की पदार्थाचं चुंबकत्व मागे रेंगाळतं, त्याचा आलेख) म्हणजे या सरकण्या-अडण्याचा हिशेब: लूपच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे प्रत्येक फेरीत उष्णता होऊन गेलेली ऊर्जा.

बी आणि एच यांचा घोळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो. एच म्हणजे करंटने आपण लावलेला जोर, बी म्हणजे पदार्थाची भर पडून प्रत्यक्ष आलेलं क्षेत्र. हवेत दोघं ठरलेल्या प्रमाणात चालतात, म्हणून तिथे फरक कळतच नाही. वेढ्यांच्या आत कोअर, म्हणजे लोखंडाचा गाभा, घातला की कळतो. आकड्यांचा अंदाज यायला टॅन्जंट गॅल्व्हॅनोमीटरचं (तारेचं गोल वेटोळं आणि मध्यावर होकायंत्राची सुई) प्रॅक्टिकल मनापासून करा. 50 वेढे, 8 सेंटिमीटर त्रिज्या, 0.1 अँपिअर करंट: मध्यावर सुमारे 39 मायक्रोटेस्ला येतात. आपल्या किनाऱ्यावर पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटकही साधारण 38 आहे, म्हणून सुई जवळपास 45 अंशांवर थांबते. एवढ्याशा करंटने पृथ्वीशी बरोबरी! टेबलाचे पाय लोखंडी असतील तर आकडे बिघडतील, तेही वहीत लिहा.

बीएस्सीनंतर मी काही काळ काकांच्या वाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये बसायचे. पावसाळ्यात जळलेल्या पंपांची रांग लागते. जुनी तार काढायला स्टेटर (मोटारीचा न फिरणारा भाग) भट्टीत घालतात, तेव्हा काका हमखास ओरडायचे, “जाळ मोठा करू नको गो, पत्र्या खराब होतील!” कोअर अखंड लोखंडाचा नसतो, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या सिलिकॉन स्टीलच्या पत्र्यांची ती चवड असते, प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा पातळ थर. एडी करंटचं (बदलत्या क्षेत्रामुळे लोखंडातच गोल फिरणाऱ्या करंटचं) नुकसान जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून ही चिरफाड. जाळाने थर जळला की पत्र्या एकमेकींना विजेने जोडल्या जातात आणि नवीन तार भरूनही पंप तापतच राहतो. ‘कोअर लॉस’ हा शब्द मला पुस्तकापेक्षा तिथे जास्त कळला.

निओडिमियम विकत घेणार असाल तर दोन गोष्टी. एन35 मधले 35 म्हणजे कमाल ऊर्जा गुणाकार (चुंबकाच्या ताकदीचं एक माप), मेगागॉस-ओर्स्टेड या एककात. विक्रेते गॉसमध्येच बोलतात, 10,000 गॉस म्हणजे 1 टेस्ला. दुसरं, साधा ग्रेड 80 अंश सेल्सिअसपलीकडे ताकद गमावतो आणि आपल्या खाऱ्या हवेत निकेलचा थर टवका उडाला की आतून गंजून भुगा होतो. होडीवर किंवा अंगणात लावायचा असेल तर फेराइट बरा. तो मुळात ऑक्साइड, त्याला गंजायचं काय!

भूचुंबकत्वाकडे वळायचं असेल तर अलिबाग आपल्या दारातच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं तिथे हलवली. 1904 पासून अलिबागला नोंदी सुरू झाल्या, 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, म्हणून जुनी-नवी मालिका जोडता येते. पृथ्वीच्या क्षेत्रात दिवसभरात पडणारा फरक काही दहा नॅनोटेस्लांचा असतो. फोनमधला सेन्सर चुंबकाजवळचं क्षेत्र किती झपाट्याने घटतं ते छान दाखवतो, फायफॉक्स अ‍ॅप त्यासाठी पुरेसं आहे. पण हा फरक त्याच्या आवाक्याबाहेरचा. ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, संस्थेचं मुख्यालय पनवेलला. एमएस्सीनंतर तिथे पीएचडी करता येते. भौतिकशास्त्राची मुलंही घेतात. अर्ज करायच्या आधी मॅग्नेटोमीटरचे प्रकार आणि पृथ्वीच्या क्षेत्राचे घटक नीट वाचा, आणि थोडं पायथन शिकून घ्या, कारण बराच वेळ आकडे साफ करण्यातच जातो.