बेस गिटारचा अ‍ॅम्प निवडताना आणि लावताना

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सुमारे 41 हर्ट्झचा स्वर देते, आणि इतका खालचा स्वर मोठ्याने ऐकवण्यासाठी ताकदही भरपूर लागते. म्हणूनच साध्या गिटारच्या अ‍ॅम्पवर बेस जोरात वाजवू नये, त्याने स्पीकर निकामी होऊ शकतो. घरच्या सरावाला 20 ते 30 वॅट पुरतात, मात्र ड्रमसोबत वाजवायचे असल्यास 200 ते 300 वॅट हाताशी असावेत. वॅट दुप्पट केले तरी आवाजात केवळ 3 डेसिबलची भर पडते, त्यामुळे जादा पैसे चांगल्या कॅबिनेटवर (स्पीकर बसवलेल्या पेटीवर) खर्च करणे मला अधिक योग्य वाटते. 8 ओहमची (ओहम हे विद्युत-रोधाचे माप) दोन कॅबिनेट समांतर जोडल्यास एकूण भार 4 ओहम होतो. तो अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेल्या किमान मर्यादेखाली जाता कामा नये.

जुळणी करताना टोनची सर्व बटणे मध्यावर ठेवावीत, कार्यक्रमात वाजवाल तितक्याच जोराने तार छेडत क्लिपचा (आवाज फाटू लागल्याची सूचना देणारा) दिवा किंचित लुकलुकेपर्यंत गेन (आत येणाऱ्या संकेताची पातळी) वाढवावा, मग थोडा मागे घ्यावा आणि त्यानंतरच मास्टर (एकूण आवाजाचे बटण) उघडावा. वाद्यमेळात बेस हरवत असेल, तर बहुतेक जण टोनमधले बेसचे (खालच्या स्वरांचे) बटण वाढवतात. खरी गरज असते ती मिड (मधल्या पट्ट्यातला आवाज) वाढवण्याची. एकट्याने वाजवताना तो आवाज काहीसा खरबरीत वाटतो, पण सर्वांसोबत प्रत्येक स्वर स्वच्छ उमटतो. तरीही घुमारा राहिल्यास कॅबिनेट कोपऱ्यातून बाहेर काढावे.