शाळांना ग्रँट द्यायचीय? गरजेचे मार्क आधी लावा, अर्ज नंतर उघडा

कमिटीसमोर दोन अर्ज येतात. एक टाइप केलेला, चार्ट, फोटो, बजेटची एक्सेल शीट सगळं नीट. दुसरा हाताने लिहिलेलं एकच पान, "लॅबमध्ये मायक्रोस्कोप दोन, त्यातला एक चालतो, वर्गात मुलं साठ." मार्क बहुतेक वेळा पहिल्याला जातात, म्हणजे ज्या शाळेकडे अर्ज लिहायला वेगळा माणूस आहे तिलाच पैसे, पुढच्या वर्षी परत तिलाच, आणि हे मला खरंच खुपतं.

म्हणून गरज आणि अर्ज यांचे मार्क वेगळे ठेवा. गरजेचे मार्क अर्ज वाचायच्या आधीच आकड्यांवरून लावून टाका: गरीब घरातली मुलं किती टक्के, एका शिक्षकामागे मुलं किती, गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेरून पैसे किती आले. कॅलिफोर्नियात 2013 पासून सरकारी निधीचं गणित असंच आहे, गरीब, इंग्रजी शिकत असलेलं किंवा फॉस्टर केअरमधलं (आई-वडिलांऐवजी सरकारने सोय केलेल्या दुसऱ्या घरी राहणारं) मूल असेल तर त्याच्यामागे मूळ रकमेच्या 20 टक्के जास्त, त्यासाठी कुणाला सुंदर निबंध लिहावा लागत नाही.

फॉर्म दोन पानांचा बास. काय करणार, कोण करणार, खर्च किती. शुद्धलेखनाला, फोटोंना मार्क नकोत. शंका विचारायला एक फोन नंबर द्या आणि दिलेली उत्तरं सगळ्या शाळांना पाठवा, नाहीतर ओळख असलेल्यांनाच आतली माहिती मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अटी. "अर्धे पैसे शाळेने घालावेत" किंवा "आधी खर्च करा, मग बिलं पाठवा" असं लिहिलंत की ज्यांच्या खात्यात काहीच नाही त्या शाळा अर्जच करत नाहीत, आणि तुम्हाला वाटतं त्यांना गरजच नव्हती! पहिला हप्ता आगाऊ द्या. हिशोबही रकमेच्या मानाने मागा, छोट्या ग्रँटला जाडजूड रिपोर्ट कशाला.

मार्क देताना प्रत्येकाने आधी एकट्याने द्यायचे, मग चर्चा, कारण मोठ्या आवाजाचा माणूस आधी बोलला की बाकीचे त्याच्याच मागे जातात. स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या शाळेचा अर्ज असेल तर खोलीबाहेर. एक-दोन मार्कांच्या फरकाने अडलं तर सरळ चिठ्ठ्या टाका, तो फरक तसाही वाचणाऱ्याच्या मूडचा असतो.

ज्यांना मिळाली नाही त्यांना मार्क आणि कारण लेखी कळवा, तेही पुढच्या वर्षीच्या अर्जाची तारीख यायच्या बरंच आधी.