मागचा डिपर मारतोय? मारू दे

लायसन्स हातात पडलं की लोक पेढे घेऊन येतात. मी पेढा खाते आणि सांगते, महिनाभर एकट्यानं हायवेला जाऊ नका. साताऱ्यात मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. आमच्या गाडीत माझ्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो, तुमच्या गाडीत शेजारच्या सीटवर नुसती पर्स असणार. म्हणून हे लिहून ठेवतेय. मागून हॉर्न वाजला की ज्यांना घाम फुटतो त्यांच्यासाठी आणि हॉर्न वाजला की ज्यांचं डोकं फिरतं त्यांच्यासाठीसुद्धा. दुसऱ्या जातीचे लोक जास्त आहेत, फक्त कबूल करत नाहीत.

आधी तोंड चालवा

नवा माणूस बॉनेटकडं बघतो. थोडा सरावला की पुढच्या गाडीच्या ब्रेक लाईटकडं बघतो आणि तिथंच वर्षानुवर्षं अडकतो. ब्रेक लाईट लागेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय आपल्याकडच्या निम्म्या जुन्या जीपचा लाईट लागतच नाही.

बॉम्बे रेस्टॉरंटच्या पुलाखालून कोरेगाव रोडला लागलो की मी शिकणाऱ्याला बडबड करायला लावते. दिसेल ते बोलायचं आणि त्याचं पुढं काय होणार तेही बोलायचं. ‘पुढं वडाप (रस्त्यात प्रवासी घेत जाणारी जीप). त्याच्या पुढं झाडाखाली दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या. वडाप थांबणार.’ आणि ते थांबतंच, इंडिकेटर नाही, हात नाही, अर्धं चाक डांबरावर ठेवून. वडाप कधी थांबणार हे वडापकडं बघून कळत नाही, रस्त्याकडेला कोण उभं आहे ते बघून कळतं. ‘किटल्या लावलेली मोटरसायकल, बाबानं मान उजवीकडं केली, वळणार.’ ‘उभ्या रिक्षाच्या खाली दोन पाय दिसतायत, पोरगं आडवं येणार.’ पहिल्या दिवशी लाज वाटते, चार दिवसांनी सवय होते. मग तोंड बंद केलं तरी डोकं बोलत राहतं. ही सवय लागली की दांडगाई करणारा ड्रायव्हरही लांबूनच ओळखू येतो. दोन गाड्यांमागून सारखा उजवीकडं डोकावणारा, लेन सोडून पांढऱ्या पट्टीवर चालणारा, मधल्या आरशात झपाट्यानं मोठा होत जाणारा. तो तुमच्याजवळ पोचायच्या आत तुमचं ठरलेलं असतं. आरशात दर आठ-दहा सेकंदांनी एक नजर, यात कंजुषी नको.

फोन मागच्या सीटवर. मांडीवर नाही, गिअरजवळच्या खणातही नाही.

तीन सातारा

ताशी 80 किलोमीटरनं गाडी एका सेकंदात साधारण 22 मीटर जाते. समोर काही झालं, ते डोळ्यांना दिसलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच एक-दीड सेकंद संपतो. म्हणून पुढच्या गाडीत आणि तुमच्यात किमान तीन सेकंद ठेवा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की सावकाश म्हणायचं, ‘एक सातारा, दोन सातारा, तीन सातारा’. तिसऱ्या साताऱ्याच्या आत तुम्ही खांबाशी आलात तर तुम्ही चिकटून चालवताय. पावसात सहा सातारा.

‘मॅडम, एवढी जागा ठेवली की मधे कुणीतरी घुसतो.’ हे प्रत्येक बॅचला येतं. घुसू दे. पाय थोडा उचला, परत मोजा. पुण्यापर्यंत दहा गाड्या मधे घुसल्या तरी तुमचे गेले किती, दहा गुणिले तीन, तीस सेकंद. टोलनाक्यावर फास्टॅगवाला यापेक्षा जास्त वेळ घेतो.

आता ते डिपरवाले

हायवेला नागठाण्याच्या पुढं, उजव्या लेनमध्ये, तुम्ही सत्तरनं चाललाय. मागं पांढरी एसयूव्ही, नंबर प्लेटवर 4141 असा लिहिलेला की ‘दादा’ वाचावा. डिपर, डिपर, म्हणजे लाईटची उघडझाप, आणि लांबलचक हॉर्न. आरशात त्याचा बंपरही दिसत नाही इतका जवळ.

आधी स्वतःला विचारा, मी उजवीकडं काय करतोय? डावी लेन मोकळी असेल तर चूक तुमची आहे. उजवी लेन पुढं काढण्यासाठी असते, ती कुणाच्या नावावर नाही. ‘मी लिमिटमध्ये चालवतोय, त्याला काय घाई’ असं म्हणत तिथं ठाण मांडणारे शिकलेसवरलेले लोक मी रोज बघते. तुम्ही पोलीस नाही.

मग काय करायचं? वेग वाढवायचा नाही. त्याला धडा शिकवायला ब्रेकवर पाय टेकवायचा तर अजिबात नाही, त्या अंतरावर तो तुमच्या डिकीत येईल. पुढच्या गाडीपासूनचं अंतर हळूहळू वाढवा, म्हणजे तुम्हाला कधी करकचून ब्रेक लावावा लागणार नाही आणि मागच्यालाही नाही. डावा इंडिकेटर. डावा आरसा. मग मान वळवून डाव्या खांद्यावरून एक नजर, कारण आरशात न दिसणारी मोटरसायकल नेमकी तिथंच असते. फाट्यांजवळ समोरही बघा. गावातली माणसं पुढच्या पुलापर्यंत जायला नको म्हणून त्याच डाव्या लेनमधून राँग साईडनं येतात. मोकळं दिसलं की शांतपणे डावीकडं या. डावीकडं ट्रकांची रांग असेल तर इंडिकेटर चालू ठेवून तशाच वेगानं रांग पार करा. साईड द्यायची आहे हे त्याला दिसलं की बहुतेक जण गप्प होतात.

तो शेजारून जाताना काच खाली करेल, काहीतरी बोलेल. तुमची नजर रस्त्यावर. हात नाही, मान नाही, हसणंसुद्धा नाही. हसण्यावरनं मारामाऱ्या झालेल्या आहेत आपल्याकडं.

मागून अँब्युलन्स असेल तर हे सगळं विसरा, ताबडतोब डावीकडं. तिला वाट न देण्याला दहा हजार दंड आहे, पण दंडासाठी सांगत नाहीये.

रात्री समोरून अप्पर, म्हणजे लाईटचा वरचा झोत, टाकून येणाऱ्याला एकदा डिपर द्या, त्यानं ऐकलं नाही तर अप्परनं उत्तर देऊ नका. आंधळा एक पुरे. वेग कमी करा आणि रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून चला.

ऊस आणि घाट

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली-साताऱ्याचे रस्ते बदलतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली, बाहेर आलेल्या उसाच्या कांड्या तुमच्या काचेच्या उंचीवर आणि टेप एवढा मोठा की तुमचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू जाणं शक्य नाही. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. मागची ट्रॉली डुलत असते. ओव्हरटेक करताना एका गाडीचा नाही, तिन्हीचा हिशेब धरा: ट्रॅक्टर, ट्रॉली, ट्रॉली. चढावर तो आडवा हलतो, तिथं मागंच थांबा. रात्री बंद पडलेल्या ट्रॉलीभोवती दगड लावलेले असतात. ट्रॉली दुरुस्त होऊन जाते, दगड तिथंच राहतात. हंगामात रात्री ज्या वेगानं लाईटच्या उजेडात थांबता येईल तोच वेग.

वाईहून पाचगणीला पसरणी घाट चढताना शनिवार-रविवारी पाहुण्यांची गर्दी असते. कुणी वळणावर फोटोला थांबतो, कुणाला घाटातच ओव्हरटेक करायचं असतं. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीचा मान पहिला, उतरणाऱ्यानं थांबायचं, हा नियमच आहे. एसटी वळणावर येताना दिसली की वळणाच्या अलीकडं थांबा. तिला पूर्ण रस्ता लागतो, तो ड्रायव्हर दांडगाई करत नाहीये. उतरताना ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे लोक अजून आहेत. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणांवर पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. धुक्यात लाईट खाली, अप्पर टाकला तर पांढरी भिंतच दिसते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही वळताय की थांबलाय हे मागच्याला कळत नाही.

प्रकरण वाढलंच तर

तो पुढं जाऊन मुद्दाम हळू झाला, किंवा मागं लागला, तर घरी जाऊ नका. घर दाखवायचं नाही. काचा वर, दारं लॉक, आणि गाडी उजेडाच्या, माणसांच्या जागी न्या: टोलनाका, गर्दीचा पेट्रोल पंप, सगळ्यात चांगलं म्हणजे पोलीस ठाणं. 112 ला फोन, शेजारी कुणी असेल तर त्यानं करायचा. हायवेवर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर 1033, जखमी असेल तर 108. गाडीला गाडी घासली तर बाजूला घ्या, फोटो काढा, नंबर टिपून ठेवा. चावी कुणाच्या हातात द्यायची नाही आणि भर रस्त्यात उतरून ‘चूक कुणाची’ ठरवायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या 184 कलमात धोकादायक गाडी चालवण्याला शिक्षा आहे, ती तुम्ही द्यायची नाही. दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर थांबायला घाबरू नका. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, 2019 च्या दुरुस्तीत ते आलं.

झटापट टळली तरी हात थरथरत असतील. पुढच्या हॉटेलला थांबा, चहा घ्या. त्या हातांनी लगेच चालवलेली गाडी पुढच्या बिचाऱ्या मोटरसायकलवाल्यावर राग काढते.

शेजारी बसणाऱ्यांना

माझ्याकडं शिकून गेलेल्या बायकांची एकच तक्रार असते, शेजारी बसलेला नवरा. (सासूबाई मागं बसतात आणि देवाचं नाव घेतात, त्या परवडल्या.) तेव्हा शेजाऱ्यांनो, तुमची कामं अशी: फोन घेणं, रस्ता सांगणं, पुढच्या त्रासदायक गाडीचा नंबर टिपणं, मागच्या पोरांचे सीटबेल्ट बघणं. ‘अगं मार हॉर्न’, ‘जाऊ देतेस कशाला त्याला’ आणि ‘मी असतो तर’ ही तीन वाक्यं गाडी घरी उभी राहिल्यावर बोला.